आईला जपानचा गणपती बघायचा होता

जपानला जायचं माझ्या डोक्यात कधीपासून होतं, पण माझ्या डोक्यातलं जपान म्हणजे रामेन, ताकोयाकी आणि रात्रीची लखलख. आईने सगळा प्लॅनच फिरवला. तिला कुठूनतरी कळलं की जपानमध्ये गणपती आहे, त्याला तिकडे कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, आणि त्याच्यासाठी मोदकासारखं काहीतरी तळतातसुद्धा. झालं, मग "मला तो बघायचाय" हे पालुपद सहा महिने. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे ते घरी, आणि मी आणि आई असे दोघीच नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात निघालो. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे एका बॅगेत कपडे आणि दुसरीत मेतकूट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि दीड किलो चिवडा. टोकियो यावेळी सोडलं, फक्त ओसाका, कोयासान, क्योतो आणि नारा.

दिवस पहिला – ओसाका

मुंबईहून सिंगापूरमार्गे सकाळी कान्साई एअरपोर्टला उतरलो. हा एअरपोर्ट समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे, विमान उतरताना शेवटपर्यंत खाली पाणीच दिसतं त्यामुळे आईने माझा हात धरून ठेवला होता (ती म्हणेल मीच तिचा धरला होता). तिथून नानकाई लाइनच्या ट्रेनने ओसाकातलं नांबा. हॉटेलची रूम एवढी लहान की दोन बॅगा एकदम उघडता येईनात, एक उघडायची तर दुसरी पलंगावर.

पहिलं जेवण कोपऱ्यावरच्या कोनबिनीतलं, म्हणजे ती चोवीस तास उघडी असणारी दुकानं. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, बाहेरून समुद्री शेवाळाचा पापड. त्याच्या प्लॅस्टिकवर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्याच क्रमाने सोलायचं, मग पापड कुरकुरीत राहतो. आईने पहिल्यांदा थेट ३ ओढला आणि सगळं हातात. एक धडा लगेच मिळाला: आत आंबट उमेबोशी (खारवलेला जपानी प्लम) असली तरी ओनिगिरी शाकाहारी असेलच असं नाही, बऱ्याचदा त्यात माशाचा अर्क असतो. फोनचा कॅमेरा पाकिटामागे धरून वाचत बसायचं. नुसत्या मिठाचा गोळा असतो तो मिळाला, त्यावर आईने पर्समधून मेतकूट काढून भुरभुरवलं आणि म्हणाली, "झालं की, यांना फक्त तूप माहीत नाही."

संध्याकाळी दोतोंबोरी. गर्दी, दुकानांच्या पाट्यांवर भलेमोठे हलणारे खेकडे, कालव्यात दिव्यांची प्रतिबिंबं, मी आईला एका बाकावर बसवून सहा ताकोयाकी हाणले (आप्प्यांच्या पात्रासारख्याच पात्रात करतात, आत ऑक्टोपसचा तुकडा, आणि आतून इतके गरम की टाळू गेली). पण त्या गजबजाटाच्या मागच्याच बोळात होझेनजी नावाचं एवढंसं देऊळ आहे आणि तिथे आई जी थांबली ती हलेना. फुदो म्योओची मूर्ती, पण मूर्ती कुठली, नुसता हिरवागार शेवाळाचा आकार! लोक येतात, लाकडी पळ्याने पाणी घेतात आणि मूर्तीवर ओततात, वर्षानुवर्षं. नाक-डोळे काही उरलेलं नाही, सगळं मऊ हिरवं. फुदो म्हणजे आपल्याकडचा अचलनाथ, बौद्ध तंत्रातून चीनमार्गे इथे आलेला. आईला मी हे सांगेपर्यंत तिने रांग लावून दोन पळ्या पाणी घालूनही झालं होतं. "अभिषेक आहे हा, विचारायचं काय त्यात."

दिवस दुसरा – कोयासान

ही या ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

नांबाहून ट्रेन डोंगरात शिरते, शेवटी शेवटी इतकी वळणं घेते की चाकं किंचाळतात, आणि शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, म्हणजे शब्दशः स्वर्गाचा पूल. तिथून केबल कार पाच मिनिटांत उभ्या चढाने वर नेते आणि मग बस. वर साधारण ८०० मीटरवर एक सपाट जागा, भोवती डोंगरमाथ्यांचं कडं, ते म्हणतात कमळाच्या पाकळ्या. कूकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली इथे मठ स्थापला. हा माणूस ८०४ मध्ये चीनला गेला, तिथे मंत्र-तंत्र शिकला, संस्कृतही शिकला आणि परत येऊन शिंगोन पंथ सुरू केला. शिंगोन म्हणजेच मंत्र. गावात ११७ देवळं, त्यातल्या पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे, त्याला शुकुबो म्हणतात.

बस पहिल्यांदा न्योनिंदोपाशी थांबते, बायकांचं देऊळ. कारण १८७२ पर्यंत बायकांना डोंगरावर प्रवेशच नव्हता, त्या इथपर्यंत यायच्या आणि बाहेरूनच नमस्कार करून परत जायच्या. अशी सात देवळं होती, आता हे एकच उरलंय. आई खाली उतरली, आत जाऊन हात जोडून आली आणि म्हणाली, "बाहेर ठेवायला सगळीकडे बरोबर आम्हीच सापडतो." पुढे बसमध्ये गप्प होती.

आमच्या देवळात चपला काढून, मग आतल्या सपाता घालून, मग तातामीवर (गवताच्या चटया) त्या सपाताही काढून, मग संडासात वेगळ्या सपाता... दिवसभरात वीस वेळा पायातलं बदललं असेल. (मोजे नवे आणा. माझ्या अंगठ्याला भोक होतं आणि ते सबंध कोयासानने पाहिलं.) साडेपाचला जेवण. दोन दोन लाल ताटं समोर, प्रत्येकात एवढ्या एवढ्या वाट्या. शोजिन र्योरी म्हणतात याला, देवळातलं जेवण: मांस नाही, मासे नाहीत, स्टॉकसुद्धा कोंबू शेवाळाचा आणि सुक्या शिताके मशरूमचा. आणि कांदा-लसूण वर्ज्य! आई जोरात हसायलाच लागली. कार्तिकी एकादशी नुकतीच झाली होती, ती चातुर्मास सुटला म्हणून घरून खुशीत निघालेली, आणि इथे समुद्र ओलांडून पुन्हा चातुर्मास.

त्या ताटातलं गोमादोफू मी विसरणार नाही. नाव तोफू असलं तरी सोयाबीन नाही, तीळ वाटून त्याचं दूध काढून कुझू नावाच्या कंदाच्या पिठाबरोबर घोटून घोटून वडी पाडतात. रंग पांढरट करडा, काडीने दाबलं की थरथरतं, सुटत मात्र नाही, वर हिरव्या वासाबीचा ठिपका आणि चमचाभर सोया सॉस. आईने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तिखट खरवस." मी अजून याहून चांगलं वर्णन ऐकलेलं नाही. दुसरं कोयादोफू, हे इथलंच, थंडीत तोफू गोठवून वाळवायचा, मग तो स्पंजासारखा होतो आणि रस्सा पितो, रसगुल्ला दाबल्यावर येतो तसा पाक तोंडात येतो फक्त गोडसर-खारट.

जेवणानंतर सामुदायिक आंघोळीची वेळ. तिथे सगळ्यांसमोर कपडे काढून गरम हौदात बसतात हे कळल्यावर आईने जाहीर केलं की तिला थोडी सर्दी आहे.

दिवस तिसरा – कोयासान सकाळी, संध्याकाळी क्योतो

सहाला प्रार्थना. बाहेर चार-पाच अंश, देवळात एक रॉकेलचा हीटर आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे पाहुणे मांजरांसारखे. भिक्षूंचं पठण सुरू झालं, खर्जातला एकच सूर, काही कळत नाही पण लागतो. मग शेजारच्या खोलीत गोमा. गोमा म्हणजे आपला होम, शब्दही तोच, चिनीमार्गे येताना वाकडा झालेला. मधे चौकोनी कुंड, लाकडाच्या चिपा रचलेल्या, भिक्षू पळीने तेल सोडतोय, मोठा ढोल वाजतोय आणि ज्वाळा छतापर्यंत. मंत्राच्या शेवटी काहीतरी सारखं सारखं येत होतं, "सोवाका, सोवाका". मी आईकडे बघितलं तर तिचे ओठ आधीच हलत होते. "स्वाहा म्हणतोय गं तो," ती कुजबुजली, आणि मग पुढचा सगळा वेळ प्रत्येक सोवाकाला मान हलवत होती, बरोबर जागेवर.

नाश्ता करून ओकुनोइनला गेलो. ही जपानमधली सगळ्यात मोठी दफनभूमी, दोन लाखांहून जास्त थडगी, दोन किलोमीटरची वाट आणि दोन्हीकडे शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष (जपानी देवदार). भीती वाटेल असं वाटलं होतं, उलट शांत वाटतं. सोळाव्या शतकातला सेनापती ओदा नोबुनागा आणि त्याला संपवणारा आकेची मित्सुहिदे दोघांचीही स्मारकं याच झाडीत. मधेच कंपन्यांची स्मारकं, एक चक्क रॉकेटच्या आकाराचं, एका कॉफी कंपनीचं कपबशीवालं, आणि वाळवी मारणाऱ्या लोकांच्या संघटनेने मेलेल्या वाळवीसाठी उभारलेलं. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी श्राद्ध घालावं तसं. हसू येतं आणि मग येत नाही.

पण खरी गंमत दगडांत आहे. बहुतेक जुनी थडगी एकाच घडणीची: खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर छपरासारखा त्रिकोणी, त्यावर अर्धचंद्र आणि सगळ्यात वर थेंब. पाच भाग म्हणजे पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. आणि प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं, जपानी नाही, सिद्धं लिपीतलं, म्हणजे आपल्या देवनागरीची जुनी चुलत बहीण. अ, व, र, ह, ख. आई रिटायर्ड शिक्षिका, ती शेवाळ बाजूला करून बोटाने गिरवायला लागली. "ख म्हणजे आकाश. खगोल, खग. हे मी तिसरीच्या पोरांना सांगायचे." तिथे एक जपानी आजोबा उभे होते, त्यांना वाटलं आमचं कोणी नातेवाईक आहे की काय, त्यांनी वाकून नमस्कार केला, मग आम्हीही केला, मग त्यांनी परत केला, असं बराच वेळ चाललं.

शेवटच्या पुलापलीकडे फोटो बंद, टोप्या काढायच्या. पलीकडे कूकाईची समाधी, आणि श्रद्धा अशी की तो मेलाच नाही, ८३५ पासून ध्यानात बसलाय. म्हणून त्याला रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. आम्ही साडेदहाला बरोबर उभे होतो. पिवळी वस्त्रं घातलेले भिक्षू, दोघांच्या खांद्यावर पांढरी लाकडी पेटी, आधी एका छोट्या देवळापाशी थांबतात जिथला जिझो नावाचा बोधिसत्त्व म्हणे चव बघून देतो, आणि मग पुलावरून आत. ढोल नाही, घोषणा नाही, फक्त खडीवर पावलांचा आवाज. आईने पदर सावरला. मला एकदम आळंदी आठवली, तिला विचारलं तर तिलाही तेच आठवलेलं.

दुपारी खाली उतरून तीन गाड्या बदलत क्योतो. एका गाडीत माझा स्कार्फ राहिला, दुसऱ्या दिवशी स्टेशनवर विचारलं तर घडी करून पिशवीत ठेवलेला मिळाला.

दिवस चौथा – क्योतो

सकाळी सांजुसांगेंदो. इथे फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. साधारण १२० मीटर लांब लाकडी दालन, १२६६ मध्ये पुन्हा बांधलेलं, आणि आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. मधे एक मोठी बसलेली, दोन्हीकडे पाचशे पाचशे उभ्या, दहा रांगांत, सोनेरी, अंधारात. असं म्हणतात नीट शोधलं तर त्यांच्यात आपल्या ओळखीचा चेहरा सापडतो. मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकू सापडल्या, शपथ.

आईचा जीव मात्र पुढच्या रांगेत अडकला. तिथे २८ रक्षक देवता आहेत आणि ही सगळी मंडळी आपलीच. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, दाइबोंतेन म्हणजे ब्रह्मदेव, बिशामोनतेन म्हणजे कुबेर, आशुरा म्हणजे असुर. करुरा म्हणजे गरुड, चोच आहे, पंख आहेत आणि तो चक्क बासरी वाजवतोय! आई म्हणाली, "मालकाची उचलली वाटतं." शेवटी एक हाडं दिसणारा म्हातारा ऋषी, बासु सेन्निन, काठी टेकत हात पुढे केलेला, त्याच्या गळ्याच्या शिरासुद्धा कोरल्यात, आणि मूर्तींचे डोळे स्फटिकाचे असल्यामुळे आपण सरकलो की ते चमकतात. आम्ही तिथे दीड तास होतो. तिथल्या माणसाने दोनदा घड्याळ बघितलं.

तिथून कियोमिझुदेरा, तोबा गर्दी, किमोनो भाड्याने घेतलेल्या पोरी, सेल्फी स्टिका. तो प्रसिद्ध लाकडी सज्जा १३ मीटर उंचीवर दरीवर तोललेला आहे, १६३३ चा, बघण्यासारखाच आहे, पण मी म्हणेन की सगळे त्या सज्जाकडे धावतात तेव्हा तुम्ही आधी झुइगुदोमध्ये जा. १०० येन (साधारण ५५-६० रुपये) देऊन देवळाखालच्या तळघरात उतरायचं. ठार काळोख. डोळे उघडे काय नि मिटलेले काय. डाव्या हाताने लिंबाएवढ्या लाकडी मण्यांची माळ धरून पाऊल पाऊल सरकायचं, ही म्हणे बोधिसत्त्वाच्या पोटातली वाट. मागून आई "आहेस ना गं" विचारतेय, मी "आहे", पुन्हा वळण, पुन्हा "आहेस ना". आणि मग एकदम एक गोल दगड, वरून बारीकसा उजेड, आणि त्यावर पुन्हा एक सिद्धं अक्षर. दगड फिरवायचा, मनात काहीतरी मागायचं आणि वर यायचं. वर आल्यावर उजेडाने डोळ्यांत पाणीच आलं. आईने काय मागितलं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गिओनमध्ये यासाका देवळाजवळ कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आहे, १६१७ पासूनचं. तिथे सेइजो कांगिदान मिळतं, कांगितेनच्या नैवेद्याचं पक्वान्न. काचेमागे ठेवलेलं बघून आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. मोदकच! म्हणजे उकडीचा नाही, तळणीचा, बटव्यासारखा आकार, मान आवळलेली आणि वर आठ पाकळ्या उमललेल्या. आतमध्ये पुरण असतं गोड लाल बीन्सचं, त्यात सात प्रकारचे मसाले, बाहेर पिठाची पारी, आणि तिळाच्या तेलात तळलेलं. बौद्ध धर्माबरोबर चीनमधून आलेला प्रकार, पूर्वी आत सुका मेवा असायचा म्हणे, लाल बीन्सचं पुरण एदो काळातलं (सतरावं ते एकोणिसावं शतक).

चार घेतले. एक तिथेच बाहेर उभं राहून खाल्ला. पहिला अनुभव दातांना, कारण कवच खारीपेक्षाही कडक, कट्कन तुटतं. मग तिळाच्या तेलाचा वास, आणि मग एकदम उदबत्तीचं दुकान तोंडात उघडल्यासारखं, दालचिनी, लवंग, चंदन. मला विचाराल तर पहिल्या घासाला "हे काय" आणि तिसऱ्या घासाला "अजून". आईने मात्र फक्त वास घेतला आणि पाकीट बंद केलं. "आधी त्याला दाखवायचा, मग."

दिवस पाचवा – फुशिमी इनारी

पहाटे साडेपाचला उठलो, सहाला तिथे. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं, तिकीट नाही. त्या केशरी कमानींचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, डोंगरभर मिळून दहाएक हजार आहेत. पण फोटोत समोरून दिसतं ते कोरं असतं, चढताना मागे वळून बघितलं की प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरांत नावं आणि तारखा. कोणी दिली, कधी दिली. इनारी हा भाताचा आणि धंद्याचा देव, त्यामुळे कंपन्या लाखो येन मोजून कमानी देतात. मी आईला म्हटलं, आपल्या देवळात पायरीवर, पंख्यावर, ट्यूबलाइटवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतं ना, तसंच. डोंगर २३३ मीटरच आहे पण पायऱ्या संपत नाहीत, अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजीला क्योतो खाली पसरलेलं दिसतं तिथे चिवड्याचा डबा उघडला. एक मांजर आलं, शेंगदाणा हुंगून निघून गेलं.

दुपारी गडबड झाली. एका छोट्या दुकानात कित्सुने उदोन घेतलं, जाड शेवया आणि वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा, चित्रात तरी शाकाहारीच. अर्धा बाऊल झाल्यावर मला शंका आली, फोनवर ट्रान्सलेट करून विचारलं तर दुकानदार काका आनंदाने आत गेले आणि रस्सा कशाचा ते दाखवायला एक लाकडासारखा कडक तपकिरी तुकडा घेऊन आले. कात्सुओबुशी, वाळवलेला मासा. आईने त्याकडे बघितलं, बाऊलकडे बघितलं, काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं आता रडेल किंवा माझ्यावर ओरडेल. "कळेपर्यंत चालतं, कळल्यावर नाही," एवढं म्हणून तिने दशमी काढली. तिचा उरलेला बाऊल मी संपवला. चूक माझीच, निघायच्या आधी वाचलं होतं की इथे दाशी जवळजवळ सगळ्यात असते. तेव्हापासून "साकाना नो दाशी मो दामे देसु" हे वाक्य पाठ केलं, म्हणजे माशाचा रस्साही चालत नाही.

संध्याकाळी भरपाई म्हणून नानझेनजीजवळ युदोफू खाल्लं. मातीच्या भांड्यात कोंबूच्या पाण्यात उकळता तोफू, बस. एवढं साधं आणि एवढं महाग काही मी आयुष्यात खाल्लेलं नाही, पण तोफू इतका ताजा असतो हेच माहीत नव्हतं.

दिवस सहावा

दिवसभर पाऊस. किंकाकुजी बघितलं, सोनेरी आहे, चकाकतं, पुढे चला. (१९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळलं, आत्ताचं १९५५ चं आहे.) र्योआनजीत पांढऱ्या खडीच्या अंगणात १५ दगड, कुठेही बसा १४ च दिसतात, आई पंधरावा शोधत व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चारदा सरकली. निशिकी मार्केटमध्ये लोणची चाखून चाखून पोट भरलं. लवकर झोपलो.

दिवस सातवा – नारा

नारात हरणं मोकळी फिरतात, बाराशेच्या वर आहेत म्हणे, आणि २०० येनला त्यांची बिस्किटं मिळतात. आपण वाकलो की तीही मान खाली घालतात, आई विरघळलीच. बिस्किटं संपल्यावर मात्र त्यांनी सभ्यपणा सोडला, एकाने आईच्या शालीचं टोक चावायला घेतलं, दुसऱ्याने माझ्या हातातला नकाशा खाल्ला, अख्खा.

तोदाइजीचा बुद्ध साधारण १५ मीटर उंच, ब्राँझचा. आत्ताचं लाकडी दालन १७०९ चं, आधीची दोन लढायांत जळली, आणि हे आहे ते मूळच्यापेक्षा लहान आहे हे वाचून मान वर करकरून दुखायला लागली. मला इथली एक गोष्ट फार आवडते. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवायचा सोहळा झाला तेव्हा तो कोणी केला, तर बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, जो ७३६ मध्ये समुद्रमार्गे जपानला पोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधलेल्या आणि त्या खाली जमलेल्या लोकांनी धरलेल्या, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून उघडले. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "प्राणप्रतिष्ठेला आपला भटजी बोलावला म्हणजे."

बाहेर ओसरीवर लाल टोपडं घातलेला एक लाकडी म्हातारा बसलाय, बिन्झुरू. आपलं जे दुखतं ते त्याचं चोळायचं आणि मग आपलं चोळायचं. हा पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. "भारद्वाज? म्हणजे माझ्या माहेरचं गोत्र!" आता घरचाच माणूस निघाल्यावर काय, आईने त्याचे दोन्ही गुडघे असे काही चोळले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावून सांगितलं की आता तुम्ही तुमचे चोळा. बाबांनी चोळले. बाबा म्हणाले फरक वाटत नाही. आई म्हणाली, "लगेच कसा वाटेल."

परत येताना नाकातानिदोपाशी थांबलो, तिथे दोन माणसं लाकडी हातोड्यांनी मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, कांडतात, इतक्या वेगात की एकाचा हात आणि दुसऱ्याचा हातोडा यांच्यात श्वासाएवढं अंतर. हिरवी मोची, वर किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, चवीला थेट आपलं डाळ्याचं पीठ. कोमट, लिबलिबीत. आईने तीन खाल्ल्या.

दिवस आठवा – इकोमा

रात्रीचं विमान. नाराहून ओसाकाच्या वाटेवर इकोमा लागतं, तिथे डोंगरावर होझानजी, १६७८ मध्ये तानकाई नावाच्या भिक्षूने स्थापलेलं. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकल्या. वर जायला केबल कार आहे, १९१८ ची, जपानमधली पहिली, आणि तिचे डबे चक्क कुत्रा आणि मांजर अशा आकाराचे. अडुसष्ट वर्षांची माझी आई चार दिवस जपलेला मोदक पर्समध्ये घेऊन गणपतीला भेटायला मांजरात बसून निघाली.

मला एक गोष्ट तिला सांगायची होती आणि मी आठ दिवस टाळत होते. कांगितेनची मूर्ती दाखवत नाहीत. इथे नाही, सहसा कुठेच नाही. ती कायम पेटीत, बंद दाराआड, पूजा करणारे भिक्षू सोडून कोणी बघायची नाही. आणि दुसरं, ती मूर्ती बहुतेक वेळा एकाची नसून दोघांची असते, दोन हत्तीमुखं, एकमेकांना मिठी मारून उभी. हे आईला कसं सांगायचं? शेवटी दगडी दिव्यांच्या पायऱ्या चढताना एका दमात सांगून टाकलं. ती थांबली. मला वाटलं दम लागला.

"दोघं?"

"हो."

"मग बरोबर आहे दार लावलंय ते," म्हणाली आणि चढायला लागली.

वर मागे काळा कडा, कड्यात गुहा, धुपाचा धूर खाली साचलेला. मुख्य देऊळ फुदोचं, आणि त्याच्या शेजारी शोतेनदो, म्हणजे आपल्या शोतेनचं. दारात देवळाची कमान आहे, तिला तोरी म्हणतात, वर जाड दोरखंड, आणि जिकडे तिकडे नाण्यांचा बटवा, कांगिदानचाच आकार. ऑफिसच्या कपड्यांतले लोक येत होते, साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) बाटल्या ठेवत होते, हा धंद्यात पावणारा पण कडक देव समजतात, बोलला नवस फेडायलाच लागतो. आत भिक्षू मूर्तीला कोमट तेलाने आंघोळ घालतात तो विधीही बंद दाराआडच. पुढे पडदा, आत अंधार, त्यात दोन समया असतील नसतील.

मी फोनवर त्याचा मंत्र काढला आणि आईला वाचून दाखवला: ओन किरिकु ग्याकु उन सोवाका. ती म्हणाली हळू वाच. परत वाचला. "ओन म्हणजे ओम. सोवाका आपला स्वाहा. हे मधलं काय, ग्याकु?" मी सिद्धंमधलं अक्षर दाखवलं, ग आणि पुढे विसर्गाचे दोन ठिपके. तिने चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ धरला.

"ग आहे की हा."

मग तिने पर्समधून कांगिदानचं पाकीट काढलं, उघडलं, दोन्ही हातांवर घेऊन पडद्यासमोर धरलं आणि तिथेच, लोकांच्या येण्याजाण्यात, हळू आवाजात अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारी सूट घातलेला एक माणूस हात जोडून उभा होता. ती संपेपर्यंत तोही थांबला आणि तिच्याबरोबरच वाकला. पाणी फिरवायला पाणी नव्हतं, माझ्या बाटलीतलं बोटावर घेऊन फिरवलं.

उतरताना पुन्हा मांजरच मिळालं. आईने कांगिदान माझ्याकडे दिलं, तिच्या दातांनी तुटेना, मी खिडकीच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले, मोठा तिला. ती बराच वेळ चावत बसली. खाली इकोमाची घरं, त्यापलीकडे ऊन.

"कसं आहे?"

"चांगलं आहे," आई म्हणाली. "नारळ हवा होता."